मिनरल पॉइंट, विस्कॉन्सिन: पेंडार्विसची दगडी घरं

मॅडिसनला मुलांकडे आलेल्या आईवडिलांना सगळे शिकागो दाखवतात. त्यातला एक दिवस राखून मिनरल पॉइंटला जा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मॅडिसनहून गाडीने तासाभराचा रस्ता, जेमतेम अडीच हजारांची वस्ती. तिथल्या शेक रॅग स्ट्रीटवर पेंडार्विस आहे: खाणकामगारांची जुनी घरं, राज्याच्या इतिहास संस्थेने जपलेली.

गाव वसलं ते शिसं या धातूमुळे. हिमयुगातला बर्फ या भागावरून सरकलाच नाही, म्हणून टेकड्या शाबूत राहिल्या आणि खनिज जमिनीलगत सापडलं. सुरुवातीचे खाणवाले हिवाळ्यात टेकडीत बिळं खणून राहायचे. त्यावरून त्यांना बॅजर, म्हणजे बिळं खणून राहणारा एक प्राणी, म्हणू लागले आणि विस्कॉन्सिन आजही बॅजर स्टेट म्हणूनच ओळखलं जातं. १८३०च्या दशकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून कसबी खाणकामगार आले. कठीण खडकात खोलवर जाणं ही त्यांची पिढीजात विद्या, आणि दगड घडवण्यातही हात बसलेला. पुढे १८४९च्या सुमाराला कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची हाक आली आणि बरेच जण तिकडे निघून गेले. नंतर जस्ताने गावाला सावरलं.

मी बांधकाम खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे माझं बहुतेक लक्ष भिंतींकडेच होतं. समोरच्या भिंतीला चुनखडीचे नीट घडवलेले चिरे, सांधे सरळ. बाजूने वळून पाहा, तिथे ओबडधोबड दगड चुन्यात बसवलेले. पैसा आणि मेहनत दर्शनी बाजूला, बाकी काम टिकाऊ पण साधं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही हाच हिशोब दिसतो. घरं टेकडीला टेकून उभी आहेत, छत बुटकं, खोल्या लहान. एवढ्याशा जागेत अख्खं कुटुंब राहायचं, हे आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

१९३०च्या दशकात ही घरं पडत चालली होती. १९३५ साली रॉबर्ट नील आणि एडगर हेलम या दोघांनी त्यातलं एक विकत घेऊन दुरुस्तीला काढलं. नील याच गावचा. खर्च भागवायला त्यांनी तिथेच कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलचं, जेवण द्यायला सुरुवात केली आणि मग एकेक करून शेजारची घरंही वाचवली. श्रीमंतांची हवेली जपायला लोक सहज मिळतात. मजुरांच्या घरांसाठी आयुष्य देणाऱ्या या दोघांबद्दल मला फार आदर वाटला. १९७१मध्ये मिनरल पॉइंटचा जुना भाग राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत गेला, त्यामागेही त्यांचं काम आहे.

खायला पास्टी घ्या. जाड पारीत गोमांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा सलगमासारखा कंद भरून भाजलेली असते. खाणीत डबा म्हणून हीच न्यायचे. गोमांस चालत नसेल तर आधी विचारून घ्या. फिगीहॉबिन मात्र सगळ्यांनी खावं: बेदाणे, अक्रोड आणि दालचिनी घातलेली गुंडाळी, वर गरम कॅरॅमल. एक दोघांत पुरते, गोड भरपूर आहे.

हाय स्ट्रीट चढणीचा आहे. दुकानांत मातीची भांडी आणि विणकाम चांगलं मिळतं, कारण बरेच कलाकार इथे स्थायिक झालेत. किमती चढ्या, पण वस्तू त्यांच्याच हातच्या.

गुडघे दुखत असतील तर पेंडार्विसमधल्या पायऱ्या आणि उतार त्रास देतील. काठी बरोबर असू द्या. हिवाळ्यात ते बंद असतं, त्यामुळे मे ते ऑक्टोबरमध्येच बेत करा आणि निघण्याआधी वेळा पाहून घ्या. आत माहिती सांगणाऱ्या माणसाबरोबरच फिरा, नुसतं बघून यातलं अर्धंही समजणार नाही. वेळ उरला तर रस्त्यापलीकडच्या मेरी ख्रिसमस खाणीच्या टेकडीवरही चढून या, वर गवताळ माळ पुन्हा रुजवला आहे.