घरकुल, नोकरी आणि सोयरीक : अलीकडच्या हिंदी रोमँटिक कॉमेडी आमच्या घरातून पाहताना

चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावात चित्रपटगृह नाही, आणि धानाच्या हंगामात शहरात जाऊन चित्रपट पाहण्याइतकी सवड घरात कोणालाच नसते. त्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांतील बहुतेक हिंदी रोमँटिक कॉमेडी मी घरच्या टीव्हीवर, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, सासूबाई, नवरा, धाकटा दीर आणि अकरावीत शिकणारी मुलगी यांच्यासोबत पाहिल्या. तीन पिढ्यांच्या मधोमध बसून चित्रपट पाहिला की कोणत्या प्रसंगाला कोण हसले आणि कोणत्या प्रसंगाला कोण उठून पाणी प्यायला गेले, हेही लक्षात राहते. पुढे जे लिहिले आहे त्यात या निरीक्षणाचा वाटा माझ्या मतांइतकाच आहे.

आमचा हा पट्टा झाडीपट्टी रंगभूमीचा आहे. धान घरात आले, दिवाळी सरली, की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा येथील नाटक कंपन्या गावोगाव प्रयोग करू लागतात. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, किंवा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने रात्री पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीसाठी आयुष्य वेचणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा गावागावांत आपल्याच घरचा सन्मान झाल्यासारखा आनंद झाला होता. या नाटकांत एकाच रात्री प्रेक्षक पोट धरून हसतो आणि पदराने डोळेही पुसतो, आणि विनोद करणारे पात्र बहुधा त्याच घरातले, त्याच अडचणीत सापडलेले असते. विनोदाकडून माझी अपेक्षा त्या मांडवात बसून घडली आहे. प्रेमिकांच्या मार्गातली अडचण खरी आहे का, हा प्रश्न मी प्रत्येक चित्रपटाला विचारते, आणि माझी आवडनिवड बहुतेक वेळा त्याच्या उत्तरावर ठरते.

या कसोटीवर सर्वांत आधी मनात भरला तो जून २०२३ मध्ये आलेला ‘जरा हटके जरा बचके’. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर हे मराठी. ‘टपाल’ आणि ‘लालबागची राणी’ हे त्यांचे मराठी चित्रपट. इंदूरमधील एका एकत्र कुटुंबात कपिल आणि सौम्या हे जोडपे राहते, आणि मामा-मामी घरात मुक्कामाला असल्यामुळे नवरा-बायकोला स्वतःची अशी खोली उरलेली नाही. विकी कौशल आणि सारा अली खान यांनी या जोडप्याची कुचंबणा फार मोकळेपणाने रंगवली आहे. स्वतःच्या घरासाठी ते सरकारी आवास योजनेकडे वळतात, योजनेत बसण्यासाठी खोटा घटस्फोट घेण्याचे ठरवतात, आणि कागदावरचा तो घटस्फोट हळूहळू मनातही उतरू लागतो.

शहरातील प्रेक्षकाला ही कल्पना अतिरंजित वाटली असेल, परंतु आमच्याकडे घरकुल हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. यादीत नाव आले का, पहिला हप्ता पडला का, पंचायत समितीत कोणता कागद अडला, या चौकशा पारावर दररोज होतात. ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरलेले होते आणि ते टप्प्याटप्प्याने मिळते, त्यामुळे एका घराच्या भिंती उभ्या राहून छपरावाचून पावसाळा काढतात, हे आम्ही पाहिलेले आहे. घरकुलासाठी एका घराचे दोन चुली असलेले दोन कुटुंब कागदावर दाखवणे कोणाला सुचते आणि का सुचते, हे समजायला आम्हांला चित्रपटाची गरज नव्हती. तरीही ती लाचारी पडद्यावर हसत-हसत मांडली गेली, तेव्हा नवरा पहिल्यांदा मोठ्याने हसला आणि मग बराच वेळ गप्प राहिला. चित्रपटाचा उत्तरार्ध मात्र लांबला आहे. गैरसमज वाढवण्यासाठी दोघांनाही जरुरीपेक्षा जास्त भांडायला लावले आहे, आणि सौम्याच्या बाजूने विचार करायला पटकथेने फारसा वेळ दिलेला नाही, ही माझी तक्रार आहे.

मे २०२५ मध्ये आलेल्या ‘भूल चूक माफ’बद्दल लिहिताना मला थोडे थांबावे लागते. चित्रपट बनारसमध्ये घडतो. रंजन आणि तितली यांचे एकमेकांवर प्रेम आहे, परंतु तितलीचे वडील अट घालतात की दोन महिन्यांत सरकारी नोकरी मिळव, तरच लग्न. नोकरी लाच देऊन मिळवली जाते, लग्न ठरते, आणि मग रंजन हळदीच्या दिवसातच अडकतो. रोज सकाळी उठावे तर पुन्हा तीच हळद, तेच पाहुणे, तीच गडबड. राजकुमार राव यांनी हा गोंधळ नेहमीच्या सहजतेने निभावला आहे, वामिका गब्बी यांची तितली मात्र पटकथेत कमी पडते, आणि सीमा पाहवा, रघुवीर यादव, संजय मिश्रा यांच्यासारखे कसलेले कलावंत असूनही मधला भाग पुनरावृत्तीने कंटाळवाणा होतो. एकच दिवस पुन्हा पुन्हा दाखवायचा असेल, तर प्रत्येक वेळी त्यात काहीतरी नवे उलगडले पाहिजे. ते इथे पुरेसे होत नाही.

असे असूनही या चित्रपटाने आमच्या घरात जे केले, ते इतर कोणत्याही चित्रपटाने केले नाही. माझा दीर एकतीस वर्षांचा आहे. त्याने पदवी घेतली, तीन वेळा पोलीस भरतीची तयारी केली, आणि आता तो पाच एकर धान करतो. त्याचा बायोडाटा गेल्या चार वर्षांत किती घरी गेला, याचा हिशेब आम्ही ठेवणे सोडले आहे. पाहुणे येतात, कांदेपोहे होतात, घर पसंत पडते, मुलगा पसंत पडतो, आणि मग मुलीचे मामा चपला घालताना हलकेच विचारतात, “पोरगा नोकरीवर नाही का जी?” त्यानंतर निरोप येत नाही. पडद्यावर तितलीच्या वडिलांनी अट घातली, तेव्हा मुलगी हसली, मीही हसले, आणि दीर बैलांना वैरण टाकायची राहिली म्हणून उठून बाहेर गेला. वैरण त्याने संध्याकाळीच टाकलेली होती. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “नोकरी नाही त पोरगी कोन देते बाप्पा?”

म्हणून मला वाटते की या चित्रपटाच्या कर्त्यांच्या हाती फार मोठा विषय लागला होता. लाच देऊन मिळवलेली नोकरी म्हणजे दुसऱ्या एखाद्या लायक तरुणाच्या तोंडचा घास, हे चित्रपट शेवटी सांगतो आणि ते सांगण्याचे धाडस मला आवडले. परंतु नोकरी नसलेल्या मुलाला मुलगी का द्यायची नाही, या मूळ प्रश्नाकडे तो वळून पाहत नाही. मुलीच्या वडिलांची भीती खोटी नसते. ज्या भागात धानाचा भाव आणि पाऊस दोन्ही भरवशाचे नाहीत, तिथे दरमहा येणारा पगार म्हणजे लेकीच्या ताटातली भाकर असते. बाप आणि प्रियकर दोघेही बरोबर असलेली ही गोष्ट कोणीतरी पूर्ण करायला हवी होती.

‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’ जुलै २०२३ मध्ये आला. करण जोहर यांच्या श्रीमंती थाटाविषयी माझे मन फारसे अनुकूल नव्हते, आणि दिल्लीतील मिठाईवाल्या रंधावा कुटुंबाचा तो महाल पाहून सुरुवातीला ते तसेच राहिले. मात्र एकमेकांच्या घरी तीन महिने राहून पाहण्याची अट ठरते, तेथून चित्रपट बदलतो. सून सासरी जाते हे आपण जन्मभर पाहतो. इथे मुलगाही मुलीच्या घरी राहायला जातो, तिथल्या वडिलांचे कथ्थक पाहून आधी गोंधळतो आणि पुढे त्यांच्यासोबत सर्वांसमोर नाचतो. तोता रॉय चौधरी आणि रणवीर सिंग यांचा तो प्रसंग पाहताना आमच्या घरात कोणीही बोलले नाही. आलिया भट यांची रानी स्पष्ट बोलते आणि जया बच्चन यांनी साकारलेली रॉकीची आजी अखेरपर्यंत कडवट राहते, हेही मला प्रामाणिक वाटले. या चित्रपटाला निकोप मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा मला तो योग्य वाटला.

त्यातही माझ्या मनात राहिली ती रॉकीची आई पूनम. क्षिती जोग यांनी ही भूमिका अतिशय संयत केली आहे. घराच्या धाकात गाणे गिळून टाकलेली ही बाई रानीच्या आधाराने पुन्हा गाऊ पाहते. सासूबाईंना मी रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपे लावण्याच्या, चिखलात गाताना ऐकले आहे. बांधावर त्यांच्या एका आवाजावर वीस बायकांचे हात चालत असत, आणि घराच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधीही गायलेले नाही, कारण सासरे हयात असताना ते चालत नव्हते, आणि ते गेल्यावर सवय राहिली नव्हती.

मार्च २०२४ मधील ‘लापता लेडीज’ला रोमँटिक कॉमेडी म्हणावे की नाही याबद्दल मतभेद होतील, पण फूल या हरवलेल्या नवरीला शोधत फिरणारा दीपक हा मला या सर्व नायकांत सर्वांत खरा प्रियकर वाटला. किरण राव यांचा हा चित्रपट २००१ सालच्या एका काल्पनिक प्रदेशात घडतो, आणि घुंघटामुळे नवऱ्या बदलल्या जातात. आमच्याकडे चिखलात उभे राहून रोवणी करणाऱ्या बाईला चेहरा झाकून चालत नाही, त्यामुळे घुंघट आम्हांला परका आहे. शेतीचे शिक्षण घेण्यासाठी धडपडणारी दुसरी नवरी जया मात्र अजिबात परकी नाही. छाया कदम यांची मंजू माई तर आमच्या बसस्थानकावर चहा विकणारी कोणीही असू शकेल.

‘आप जैसा कोई’ जुलै २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. जमशेदपूरचा बेचाळीस वर्षांचा संस्कृतचा शिक्षक आणि कोलकात्यातील फ्रेंचची शिक्षिका यांची ही गोष्ट आहे. आर. माधवन आणि फातिमा सना शेख यांनी ती हळुवारपणे सांगितली आहे. आपल्याला एक सूट आणि बायकोला दुसरा नियम, हे सुशिक्षित, सौम्य माणसाच्या तोंडून ऐकताना जास्त बोचते, आणि चित्रपटाने ते लपवलेले नाही. गती मंद आहे, तरी मुलीने तो दोनदा पाहिला.

‘तू झूठी मैं मक्कार’ आणि ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’ यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एकात पैसे घेऊन इतरांची प्रेमप्रकरणे मोडून देणारा नायक आहे, दुसऱ्यात नायिका यंत्रमानव आहे. कलावंत देखणे आहेत, गाणी ऐकायला बरी आहेत, पण ज्या अडचणीवर सगळे उभे आहे ती लेखकाने टेबलावर बसून तयार केलेली आहे, आणि म्हणून हसू वरच्यावर विरते. ‘परम सुंदरी’तील केरळ डोळ्यांना सुखावणारे आहे; याहून अधिक काही माझ्या मनात उरले नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसून पाहायचा असेल तर मी ‘लापता लेडीज’ आणि ‘रॉकी और रानी’ सुचवेन, आणि ज्यांच्या घरी लग्नाचा मुलगा आहे त्यांनी ‘भूल चूक माफ’ त्याच्याशी आधी बोलून मगच लावावा.

मागच्या आठवड्यात कापणी संपली त्या रात्री सासूबाईंनी आपणहून ‘रॉकी और रानी’ पुन्हा लावायला सांगितला. पूनमच्या गाण्यापर्यंत त्यांनी तो पाहिला, मग झोप आली म्हणून उठल्या. दिवा मालवल्यानंतर आतल्या खोलीतून रोवणीच्या गाण्याची एक ओळ आली, अगदी हलक्या आवाजात, आणि दीर आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलो.