कागदावरचं गोल भोक दाखवून मला गंडवलं

कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) ट्यून करून देणाऱ्याने कागदाला स्वच्छ गोल भोक पाडून दाखवलं, तरी लगेच पैसे काढू नका. मला नेमकं असंच फसवलं गेलं.

माझा बाण शेपूट वर करून जात होता. सरळ जाणारा बाण कागदाला गोल भोक पाडतो; माझा कागदातून मारला की टोकाच्या भोकावर उभी फाट पडायची. याची कारणं मोजकीच. नॉक पॉइंट (स्ट्रिंगवर, म्हणजे ओढायच्या दोरीवर, बाणाच्या शेपटाची खाच म्हणजे नॉक बसते ती जागा) जास्त वर, रेस्ट (बाण टेकतो तो आधार) खाली, पिसं रेस्टला घासणं, नाहीतर दोन कॅमचा (टोकांच्या चाकांचा) मेळ चुकलेला. केबल (कॅमचा मेळ राखणारी दोरी) ताणली गेली की एक कॅम आधी थांबतो, दुसरा मागून, आणि नॉक सरळ रेषेत पुढे जात नाही.

या गृहस्थाने बो हातात घेतल्या घेतल्या निकाल दिला: स्ट्रिंग आणि केबल गेल्यात, बाणही मऊ आहेत, 400 स्पाइन सोडा, 340 घ्या. (स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचा आकडा; तो लहान तितका बाण कडक. नवख्याला हे उलटं वाटतं आणि अशा लोकांचं तिथेच फावतं.) ड्रॉ वेट (बो ओढायला लागणारा जोर) मोजलं नाही, बाणाची लांबी नाही, टोकाचं वजनही विचारलं नाही. मग मऊ कशावरून? तरी नवी स्ट्रिंग, नवी केबल आणि बाणांचा नवा संच माझ्या गळ्यात पडलाच.

बो परत देताना कागदाचा प्रयोग झाला. सुरेख भोक! पण बाण त्याचा, हात त्याचा आणि कागद बराच लांब. सुटलेला बाण शेपूट हलवत निघतो आणि पिसं त्याला थोड्या अंतरात सरळ करतात. म्हणून ही चाचणी साधारण 2 मीटरवरून सुरू करतात. लांबून दोषी बोसुद्धा चांगलं भोक पाडून दाखवतो.

मैदानावर माझा बाण पूर्वीसारखाच. मग बो नीट निरखला. 'नव्या' स्ट्रिंगवर डी-लूपच्या (स्ट्रिंगवर बांधलेल्या दोरीच्या छोट्या फासाच्या) खाली जुन्या लूपचा दबलेला वळ तसाच होता. मेणाचा जाड थर पुसल्यावर कुसं निघालेले धागे दिसले. केबल स्लाइडपाशी (तिला बाणाच्या वाटेतून बाजूला धरणाऱ्या तुकड्यापाशी) घासून चपटी झाली होती, आणि तीच खूण माझ्या जुन्या फोटोतही होती. आधी मी जुनी स्ट्रिंग परत मागितली तेव्हा उत्तर मिळालं होतं, "फेकून दिली." ती तर माझ्याच बोवर होती!

मित्राला टार्गेटसमोर बाण लावून सावकाश ओढायला सांगितलं (रिकामा बो ओढून चुकून सुटला तर लिंब, म्हणजे बोच्या वाकणाऱ्या पात्या, फुटू शकतात). खालचा ड्रॉ स्टॉप (ओढ थांबवणारी कॅमवरची खुंटी) टेकला, वरचा अजून काडीभर दूर. दुसऱ्या जाणकाराने बो प्रेसमध्ये (लिंब दाबून दोऱ्या सैल करणाऱ्या यंत्रात) घालून केबलचा पीळ बदलला, दोन्ही स्टॉप एकत्र टेकवले आणि रेस्ट जरासा सरकवला. माझ्या हाताने, माझ्याच जुन्या 400 च्या बाणाने फाट जवळजवळ गेली.

पहिल्याकडे जाब विचारला तर म्हणे, "तुमचा हात ग्रिपवर वळतो." हे वाक्य या धंद्यात कुठेही खपतं, कारण थोडाफार हात प्रत्येकाचाच वळतो. पैसे परत मिळाले नाहीत.

तुम्ही बो देणार असाल तर आधी स्ट्रिंगचे, केबलचे जवळून फोटो काढा, ब्रेस हाइट (ग्रिप ते स्ट्रिंग अंतर) आणि अ‍ॅक्सल ते अ‍ॅक्सल (दोन कॅमच्या आसांमधलं) अंतर लिहून ठेवा, जुनी स्ट्रिंग हातात घ्या. आणि कागदातून बाण स्वतः मारा, स्वतःचाच.