किंचाळणारे डिस्क ब्रेक : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर कासहून सायकलवरून खाली येत होतो. यवतेश्वर घाटाच्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला आणि तो असा किंचाळला की डोक्यावर मोळी घेऊन चढणाऱ्या दोन बायका दचकून कडेला सरकल्या. एकीचा तोल जाता जाता राहिला. मला ते फार लागलं, आणि हा आवाज घालवायचाच असं तिथेच ठरवलं.

सायकल एमटीबी, म्हणजे डोंगरी वाटांची, २९ इंची चाकं, पुढे-मागे तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या, १६० मिलिमीटरचे. फेब्रुवारीत घेतली तेव्हापासून चार महिने आवाजाचं नाव नव्हतं.

आधी एका दुकानात नेली. "दादा, डिस्क म्हटलं की आवाज येणारच," असं म्हणत कारागिरानं गंज सोडवायचा स्प्रे सरळ रोटरवर मारला. आवाज थांबला, पण ब्रेकही लागेना. घरापर्यंतचा सगळा उतार मी सायकल हातात धरून चालत उतरलो. हे कुणीही, कधीही करू नका. रोटरला दोन्ही बाजूंनी दाबणारा पॅड सच्छिद्र असतो, तेल पिऊन घेतो आणि तापला की तेच तेल पुन्हा वर सोडतो. मग पॅड रोटरवर सलग घासत नाही. चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढली की जो किर्र आवाज येतो, तोच हा प्रकार. इथे तो पातळ पोलादी चकतीवर होतो, म्हणून घाटभर ऐकू जातो.

पॅड गॅसवर भाजून तेल जाळायचा उपाय बऱ्याच जणांनी सुचवला, तोही केला. चिमट्यात धरलेल्या पॅडमधून पांढरा धूर निघाला, स्वयंपाकघरात उग्र वास भरला, वरचा थर पॉलिश पेपरवर घासून काढला. सहा दिवस सायकल शांत होती. सातव्या दिवशी उतारावर ब्रेक तापले आणि आवाज जसाच्या तसा परत आला. तेल मुरलेला पॅड टाकूनच द्यावा, या मताला मी आता आलोय.

शेवटी नवे रेझिन पॅड, म्हणजे राळेत बांधलेले मऊ पॅड, आणले. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले. जुन्या पांढऱ्या धोतराच्या घड्या केल्या आणि कापडावर काळं उमटायचं थांबेपर्यंत प्रत्येक वेळी नवी घडी घेतली. माझ्या अकरा झाल्या. स्वयंपाकघरातलं फडकं नको, त्याला तेलाचा हात लागलेला असतोच. रोटरला बोटसुद्धा लावू नका, धरायचाच तर कडेनं धरा.

त्यानंतरचं काम बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते सगळं त्यावरच अवलंबून आहे. नवे पॅड रोटरवर बसवावे लागतात. रविवारी सकाळी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. ताशी वीसेक किलोमीटरचा वेग घ्यायचा, एकच ब्रेक हळूहळू दाबत चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, पूर्ण थांबायचं नाही आणि चाक जाम होऊ द्यायचं नाही. पुढचा वीस वेळा, मग मागचा वीस वेळा. बाराव्या-तेराव्या वेळेला बोटाखाली फरक कळला. ब्रेक आधी घसरतोय असं वाटत होतं, तो आता धरायला लागला. पॅडचा एक पातळ, एकसारखा थर रोटरवर चढतो, त्याचा हा परिणाम. घाटातली किंकाळी त्या दिवशी बंद झाली.

सप्टेंबरमध्ये वेगळाच आवाज सुरू झाला. ब्रेक न लावताही चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा शर्र. गाडीच्या डिकीत चाक आडवं टाकलं होतं, त्यावर बॅगा आल्या आणि रोटर किंचित वाकला. कॅलिपरमागे, म्हणजे पॅड बसतात त्या भागामागे, पांढरा कागद धरून चाक सावकाश फिरवा, पॅड आणि रोटरमधली फट कुठे बुजते ते स्वच्छ दिसतं. तिथे खडूची खूण केली आणि पुसून घेतलेल्या पान्यानं अगदी जरासं सरळ केलं. जोर लावायचा नाही. दाबायचं, फिरवून पाहायचं, पुन्हा दाबायचं. अर्धा तास गेला. घासण्याचा आवाज सलग येत असेल, तर कॅलिपर मधोमध नाही असं समजा. त्याचे दोन बोल्ट सैल करा, ब्रेकचा लिव्हर दाबून धरा आणि आळीपाळीनं थोडे थोडे आवळा.

चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नये, हेही तेव्हाच कळलं. भाच्यानं सहज दाबला आणि म्हणाला, "मामा, हे एकदम घट्ट झालं." मध्ये रोटर नसल्यानं पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर आले होते. टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्टीनं ते हळूच मागे ढकलले. आता चाक काढलं की तिथे पुठ्ठ्याचा तुकडा अडकवतो.

पावसाळ्यात मेटल पॅड, म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेले कडक पॅड, टाका, असं एका मित्रानं सांगितलं होतं. आणले, पण बसवण्याआधी रोटर नीट पाहिला म्हणून बरं; त्यावर बारीक अक्षरांत 'रेझिन पॅड ओन्ली' असं छापलेलं होतं. मेटल पॅडनं असा रोटर लवकर झिजतो. मग पुढचा रोटरच बदलला. चिखलपाण्यात मेटल पॅड खरोखर जास्त टिकतात, लांब उतारावर तापूनही दगा देत नाहीत, पण ओले असताना थोडे ओरडतात. पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये रोटर कोरडा झाला की गप्प होतात. त्या आवाजामागे लागण्यात अर्थ नाही.

चेनला स्प्रे मारणं मात्र कायमचं बंद केलं. एकेका कडीवर थेंब सोडतो, मागच्या रोटरवर दुधाची रिकामी पिशवी चढवतो आणि उरलेलं तेल पुसून घेतो.

आता मार्च चालू आहे. पुढचा ब्रेक कोरड्यात शांत आहे. मागच्या रेझिन पॅडवर पत्रा सोडून जेमतेम एक मिलिमीटर थर उरलाय. अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचे. पावसाआधी मेअखेरीस बदलीन, आणि मागे पुन्हा रेझिनच घालणार.