मुंबईचा ऑनलाइन डीपी रिमार्क: कुंपणापुरता चोख

पुनर्विकासाचा विषय निघाला की आर्किटेक्ट सोसायटीकडे आधी दोन कागद मागतो: प्रॉपर्टी कार्ड आणि डीपी रिमार्क. ‘विकास आराखडा २०३४’मध्ये (डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजेच डीपी) तुमच्या भूखंडावर काय दाखवलं आहे, त्याचा महापालिकेने दिलेला लेखी अभिप्राय म्हणजे डीपी रिमार्क. महापालिकेच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, शुल्क भरायचं, की पीडीएफ आणि सोबत नकाशाचा तुकडा मिळतो. सेवा म्हणून ही चांगलीच आहे. तक्रार आहे ती लोक तिच्याकडून भलतंच काही समजून घेतात याची, आणि थोडी खुद्द कागदाचीही.

पहिली चूक अर्जातच होते. उपनगरात गाव आणि सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेने भूखंडाला दिलेला क्रमांक) लागतो, शहरात विभाग आणि सीएस नंबर (तसाच शहरातला क्रमांक). गाव म्हणजे स्टेशन नव्हे. लोखंडवाला कॉम्प्लेक्सचा पत्ता अंधेरी पश्चिम असला तरी तिथल्या बऱ्याच जमिनी ओशिवरा गावच्या आहेत. त्यामुळे गावाचं नाव प्रॉपर्टी कार्डावरूनच उचला. सीटीएसला पोटहिस्से असतील (४१२/१ ते ४१२/९ असे), तर सगळे टाका. सोसायटी तीन नंबरांवर पसरलेली आणि रिमार्क एकाच नंबराचा, हे प्रकार सर्रास दिसतात. मग उरलेल्या दोन नंबरांतून जाणारी रस्तारेषा थेट प्लॅन मंजुरीच्या वेळी समोर येते आणि विकासकाची ऑफर खाली येते. विलेपार्ले, सांताक्रूझ, बोरिवली अशा ठिकाणी टीपी स्कीममधली (नगररचना योजनेतली) जमीन असेल, तर त्या योजनेतला फायनल प्लॉट नंबरही हाताशी ठेवावा.

आता कागद. वरच झोन असतो, निवासी, व्यापारी वगैरे, आणि बहुतेकांचं वाचन तिथेच थांबतं. खरा मजकूर त्याखाली आहे. अस्तित्वातला रस्ता, प्रस्तावित रस्ता आणि रुंदीकरण या तीन नोंदी वेगवेगळ्या वाचायच्या. रुंदीकरणात जाणारी जमीन महापालिकेला द्यावी लागते. तिचा मोबदला एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचं प्रमाण) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामहक्क) यांच्या रूपाने मिळतो, पण इमारत मागे सरकते ती सरकतेच. शिवाय डीसीपीआर २०३४ मध्ये, म्हणजे आराखड्यासोबतच्या विकास नियंत्रण नियमावलीत, प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर किती वापरता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. पायऱ्या ९, १२, १८ आणि २७ मीटरच्या आहेत. म्हणजे तुमचा रस्ता ८.८ मीटर की ९.१५, यावर सगळं गणित हलतं. त्याच कारणाने आरएल, म्हणजे रेग्युलर लाइनचे (रस्त्याच्या ठरवलेल्या हद्दरेषेचे) शेरे महत्त्वाचे. ते वाहतूक आणि सर्व्हे अशा दोन बाजूंनी येतात, दोन्ही पाहा.

नकाशाच्या तुकड्यावर पट्टी ठेवून सेटबॅक (रस्त्यासाठी सोडायची जागा) मोजणाऱ्यांना एकच हिशेब सांगतो. १:४००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर. पेन्सिलच्या टोकाएवढ्या चुकीत जिना जातो. रेषा जागेवर नक्की कुठे पडते, हे आखणी आणि सिटी सर्व्हेची मोजणी झाल्यावरच कळतं. रिमार्कला हद्दीचा पुरावा समजू नका.

आरक्षणांची भाषा सांकेतिक आहे. आर ने सुरू होणारा संकेत म्हणजे आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा), ई ने सुरू होणारा म्हणजे अस्तित्वात असलेली सुविधा. दोन्हींचे परिणाम वेगळे. एरवी कोणी न वाचणारे खालचे शेरेही कामाचे असतात: जवळच्या जलवाहिनीचा व्यास, मलवाहिनीच्या मॅनहोलची इन्व्हर्ट (आतल्या तळाची) पातळी, जमिनीची उंची. उंचीपुढे टीएचडी लिहिलेलं असतं, म्हणजे टाउन हॉल डेटम, मुंबईत उंची मोजण्याचा स्थानिक शून्यबिंदू. त्याला समुद्रसपाटीपासूनची उंची समजून ‘आपण बरेच वर आहोत’ असं मानू नये. शेजारच्या रस्त्याच्या पातळीशी तुलना करा, जुलैत पाणी कुठे साचेल ते लक्षात येईल.

इथपर्यंत, म्हणजे सोसायटीसाठी, पाचपैकी चार गुण. एक गुण भाषेपायी जातो. सोसायटीच्या कमिटीपुढे ठेवायचा कागद इंग्रजीत आणि संक्षेपांनी भरलेला, ही गोष्ट पटत नाही.

फ्लॅट घेणाऱ्याने मात्र या कागदावर विसंबू नये. रिमार्क तुमच्या भूखंडाबद्दल बोलतो आणि फार तर त्याला लागून असलेल्या आरक्षणाबद्दल. दोन प्लॉट पलीकडे काय येणार, हे त्यात नसतं. ‘समोर मैदान आहे’ म्हणून जादा पैसे मोजण्याआधी त्या मैदानाच्या सीटीएसचा वेगळा रिमार्क काढा. जमीन तुमची नसली तरी काढता येतो. शिवाय संपूर्ण डीपी शीट (त्या भागाचा आराखड्यातला पूर्ण नकाशा) पाहा. पूर्वीच्या ना-विकास क्षेत्रातल्या बऱ्याच जमिनी आता विशेष विकास क्षेत्रात आहेत आणि परवडणाऱ्या घरांसाठी खुल्या होऊ शकतात. आज झाडी दिसते एवढ्यावर जाऊ नका.

नकाशावर उद्यानाचं आरक्षण असलं, तरी पूर्ण उद्यान मिळेलच असं नाही. त्या जागेवर झोपडपट्टी असेल आणि क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर पुनर्वसन योजनेत किमान ३५ टक्के जमीन मोकळी ठेवली की नियम पाळला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. रिमार्कमध्ये ‘उद्यान’ एवढाच शब्द दिसेल, ३५ टक्क्यांची गोष्ट नाही.

आणि हे आरक्षण प्रत्यक्षात येणार कधी? याचं उत्तर रिमार्कमध्ये नसतंच. आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, वगळलेले भाग नंतर मंजूर होऊन १३ नोव्हेंबर २०१८ पासून. एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या) कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे २०२८ च्या पुढे अशा नोटिसा सुरू होतील, आणि तुमच्या समोरच्या आरक्षणाचं काय झालं, ते जुन्या पीडीएफमध्ये सापडणार नाही. १९९१ च्या आराखड्यातून चालत आलेलं आरक्षण असेल, तर दहा वर्षं कुठून मोजायची हे वकिलाकडून तपासून घ्या. त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदलही मधूनमधून होतात, म्हणून व्यवहाराच्या आधी नवा रिमार्क काढा. विकासकाने दाखवलेल्या प्रतीवरची तारीख बघा. तीन वर्षं जुनी प्रत रंगीत छापली म्हणून ताजी होत नाही.

फ्लॅट घेणाऱ्यासाठी गुण: पाचपैकी दोन. शेजारच्या चार भूखंडांचे रिमार्क आणि डीपी शीट जोडीला घेतलं, तर साडेतीन.