नऊ महिने, एक प्रोजेक्टर आणि कुकुरेयाचा हात

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही अकरा जणांनी वर्गणी काढून एलईडी प्रोजेक्टर घेतला. साडेतेरा हजार रुपये. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण असल्या खोक्यांवरची नावं दर सहा महिन्यांनी बदलतात, आतला माल तोच. तेव्हापासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत तो सिंधुदुर्गातल्या शिरोड्याजवळच्या आमच्या वाडीत एका मांगरात चालतोय. मांगरात पावसाळ्यात जाळी, दोर आणि होडीची इंजिनं ठेवतात. खारी हवा, गळकं छप्पर आणि इन्व्हर्टर यांत एखादं यंत्र किती तग धरतं हे कुठल्याच रिव्ह्यूत सापडलं नाही, म्हणून लिहायला बसलो. यात फुटबॉल जास्त येईल. आमच्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

घेण्याचं कारण साधं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, माणसं रिकामी, आणि २०२४ ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, १४ जून ते १४ जुलै. सामने संध्याकाळी साडेसहाला, रात्री साडेनऊला आणि साडेबाराला. गोवा हाकेच्या अंतरावर, वाडीतली निम्मी पोरं तिकडे कामाला, त्यामुळे फुटबॉलचं वेड तिकडूनच आलेलं. चोवीस इंची टीव्हीसमोर वीस माणसं बसली की मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात.

आता यंत्राबद्दल. जाहिरातीत '९५०० लुमेन' असं ठळक. खोका उघडल्यावर माहितीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरात '२२० एएनएसआय लुमेन'. भिंतीवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो ते हा दुसरा आकडा सांगतो, पहिला नुसता छापायला असतो. साडेसहाचा सामना जूनमध्ये उजेडातच सुरू व्हायचा. दाराला ताडपत्री लावूनही पहिला अर्धा तास दोन्ही संघ एकाच रंगाचे दिसायचे. साडेनऊपासून मात्र चित्र छान. दुसरी जाहिरात '४के सपोर्ट'. याचा अर्थ एवढाच, की ४के चित्र आत घेतो. भिंतीवर दाखवतो ७२०पी, म्हणजे त्यापेक्षा बरंच ढोबळ चित्र. लांब पास मारला की चेंडूला शेपूट फुटतं.

या दोन जाहिरातींवरून आमच्याकडे जो वाद झाला, तो खरं तर कुकुरेयाच्या हातावरून सुरू झाला होता.

५ जुलै, श्टुटगार्ट, स्पेन विरुद्ध जर्मनी. स्पेनच्या ऑल्मोचा गोल, ८९ व्या मिनिटाला जर्मनीच्या विर्ट्झची बरोबरी, जादा वेळ. १०६ व्या मिनिटाला जर्मनीच्या मुसियालाचा फटका गोलासमोरच्या पेटीत स्पेनच्या कुकुरेयाच्या हातावर लागला. लागला असं आता म्हणतो, तेव्हा आमच्या भिंतीवर नेमकं त्याच क्षणी नेट अडकलं आणि चित्राचे चौकोन झाले. परत दिसायला लागलं तेव्हा जर्मन खेळाडू हात वर करून ओरडत होते आणि पंच अँथनी टेलर मान हलवत होते. पेनल्टी नाही. ११९ व्या मिनिटाला स्पेनच्या मेरिनोनं डोक्यानं गोल मारला, यजमान जर्मनी घरी.

"हात लागलो ता माका दिसला," तांडेलमामा म्हणाले. मामांनी चाळीस वर्षं होडी हाकली, आता गुडघ्यांमुळे घरी असतात आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसतात.

"मामानू, बॉल दिसणा नाय, तर हात खयसून दिसतलो?" माझा मेव्हणा.

"पंचान शिटी मारूक नाय म्हणजे हात लागलोच नाय, असा कसा?"

तो वाद त्या रात्री मिटला नाही. सप्टेंबरात, चतुर्थीचे गणपती जाऊन बरेच दिवस झाले होते तेव्हा बातमी आली, की युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, पंच समितीनंच मान्य केलं, ती पेनल्टी द्यायला हवी होती. मेव्हण्यानं फोन मामांच्या घरी नेऊन बातमी वाचून दाखवली. मामांनी विचारलं, "मगे जर्मनीक परत बोलवतले?"

पण कुकुरेयानं फसवलं का? माझ्या मते नाही. चेंडू आला, हात आड आला, निर्णय पंचाचा. लबाडी वेगळी. निवृत्त क्रीडाशिक्षक आमच्यात आहेत, त्यांना आम्ही नुसतं मास्तर म्हणतो, त्यांनी या विषयावर पंक्तीच मांडल्या. सर्वांत खालच्या पंक्तीत चिलीचा गोलरक्षक रोहास: १९८९ साली मराकानात ब्राझीलविरुद्ध हरायला लागल्यावर, प्रेक्षकांतून आलेली पेटती नळकांडी जवळ पडली तेव्हा, लपवलेल्या ब्लेडनं स्वतःचं कपाळ कापून घेतलं. चिली १९९४ च्या विश्वचषकातून बाद. त्याच्या वर रिव्हाल्डो, २००२, तुर्कस्तानविरुद्ध: चेंडू लागला मांडीला आणि तोंड धरून कोसळला, समोरच्याला लाल कार्ड. दशावतारातला राक्षसही पडताना थोडी लाज बाळगतो. त्याच्या वर मॅराडोना, १९८६, इंग्लंडविरुद्ध हातानं मारलेला गोल. आणि सर्वांत वर, जवळजवळ माफीच्या पंक्तीत, सुआरेझ.

सुआरेझवर सगळी रात्र गेली, तीही सामना नसलेली. २०१०, जोहान्सबर्ग, उपांत्यपूर्व फेरी. जादा वेळेचा शेवटचा क्षण, घानाचा चेंडू गोलात चालला होता आणि उरुग्वेच्या सुआरेझनं तो रेषेवर दोन्ही हातांनी अडवला. लाल कार्ड, पेनल्टी. घानाच्या ग्यानची पेनल्टी आडव्या खांबावर. नंतर पेनल्टी शूटआउटमध्ये उरुग्वे जिंकलं. मास्तरांचं म्हणणं: यानं लपवलं काय? सगळ्यांसमोर हात लावला, नियमात लिहिलेली शिक्षा घेतली. पेनल्टी चुकवली ती ग्याननं. मी मास्तरांच्या बाजूनं होतो.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दंड भरलो म्हणजे झाला?" आमच्या समुद्रात एलईडी लावून मासे ओढायला २०१७ पासून बंदी आहे. तरी रात्री क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. "धरल्यानी तर दंड भरतत, परत जातत. दंड तेंचो खर्च झालो. माका काय मिळाला?" त्या दिवशी मामांच्या डोळ्यासमोर घाना म्हणजे रिकामं जाळं घेऊन परतणारी आमचीच होडी असावी. मास्तरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे आजही नाही, पण सुआरेझला मी पूर्वीसारखा मोकळा सोडत नाही. रेषेवर हात लावला तर पेनल्टीऐवजी सरळ गोल द्यावा, असा ठराव मांगरात नऊ विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. फिफाला अजून कळवलेलं नाही.

मग प्रोजेक्टरची पाळी आली. '४के सपोर्ट' ही चलाखी, असं मास्तरांनी ठरवलं. युरोत इंग्लंडचा गोलरक्षक पिकफर्ड याच्या पाण्याच्या बाटलीवर स्विस खेळाडू पेनल्टी कुठे मारतात ते लिहिलेलं होतं, अकांजीची त्यानं अडवली. नियमात कुठे मनाई आहे? '४के सपोर्ट'ही शब्दशः खरंच. '९५०० लुमेन' मात्र सरळ हात लावून केलेला गोल. कस्टमर केअरला मी मेल केली, उत्तर आलं की हा आकडा 'लाइट सोर्स'चा आहे, भिंतीवरचा नाही. म्हणजे मॅराडोनाची मुलाखतच: गोल थोडा डोक्यानं, थोडा देवाच्या हातानं.

आवाजाबद्दल. आतला स्पीकर पावसाच्या आवाजापुढे मेला. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर आवाज चित्राच्या मागे पडायचा: शिटी ऐकू येईपर्यंत खेळाडू थांबून पाणी प्यायला लागलेले. त्यात ऑफसाइडवरून दोनदा भांडण झालं. शेवटी स्पीकरला जोडायची दीडशे रुपयांची ऑक्स वायर आणली, प्रश्न संपला. तुम्हीही सुरुवातीलाच वायर घ्या. आणि आतली अँड्रॉइड विसरा, बरीच ॲप तिच्यावर चालतच नाहीत. वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा. एवढं करूनही शेजारच्या घरातला डिशवरचा टीव्ही आमच्यापेक्षा अर्धा मिनिट पुढे असतो. तिथून आरोळी आली की आमच्याकडे गोल व्हायचाच असतो. त्या घराला सामन्याच्या दिवशी खिडक्या लावायची विनंती केली आहे.

वीज. २९ जूनचा डॉर्टमुंडचा जर्मनी-डेन्मार्क सामना, आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. तिथे विजा कडाडल्या म्हणून पंचांनी खेळ थांबवला आणि त्याच सुमारास आमची वीज गेली. मेव्हण्याला पाच मिनिटं वाटत होतं की दोन्ही एकच आहे. प्रोजेक्टर आणि राउटर इन्व्हर्टरवर होते म्हणून पुढचं दिसलं: डेन्मार्कच्या अँडरसनचा गोल ऑफसाइडमुळे रद्द, आणि लगेच त्याच अँडरसनच्या हाताला चेंडू चाटून गेला म्हणून जर्मनीला पेनल्टी. चेंडूत सेन्सर होता, तो सेकंदाला पाचशे वेळा हालचाल टिपतो. पडद्यावर हृदयाच्या ठोक्यासारखी रेघ दाखवली, हात लागला तिथे उंचवटा. अँडरसनच्या बोटाला चाटलेलं यंत्राला कळतं आणि सहा दिवसांनी कुकुरेयाचा अख्खा हात उघड्या डोळ्यांना कळत नाही, याचा अर्थ लावायचा प्रयत्न आम्ही सोडून दिला. इन्व्हर्टरवर जादा वेळ आणि पेनल्टीसकट पूर्ण सामना निघतो. या बाबतीत यंत्राला पैकीच्या पैकी.

आता प्रशिक्षक. मेव्हणा इंग्लंडवाला, त्यामुळे तेव्हाचा प्रशिक्षक साउथगेट याची तळी उचलून धरायचा. आकडे त्याच्या बाजूनं: २०१८ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी, नंतर सलग दोन युरोंचे अंतिम सामने. पण स्लोव्हाकियाविरुद्ध ९५ मिनिटं काहीच सुचत नव्हतं. बेलिंगहॅमनं उलटी कात्री मारली, म्हणजे हवेत उलटं होऊन गोल केला, म्हणून वाचले. मामांना प्रशिक्षक ही जातच पटत नाही. "काठार उभो रवान आराडता, आणि मासो गावलो की नाव तेचा?"

मास्तर म्हणाले, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, थवा बघून इशारा करणाराही काठावरच असतो, त्याला वाटा मिळतो ना.

"तो थवो बघता. ह्यो घड्याळ बघता."

देशाच्या प्रशिक्षकाला खेळाडू विकत घेता येत नाहीत, सरावाला दिवस मोजके. मग चार सामने जिंकले की तो चाणक्य आणि एक हरला की बुद्दू, हे सगळं बाहेरच्यांनी चढवलेलं. फ्रान्सचा प्रशिक्षक देशां विश्वविजेता खरा, पण युरोत त्याचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला तो दोन स्वयंगोल, एक पेनल्टी आणि एक शूटआउट यांच्या जोरावर. चालू खेळातला स्वतःचा पहिला गोल उपांत्य सामन्यात झाला, आणि तो सामना हरले. उलट स्पेनचा प्रशिक्षक दे ला फुएन्ते. मोठ्या क्लबाचं नाव पाठीशी नाही. १९ वर्षांखालील आणि २१ वर्षांखालील संघांना २०१५ आणि २०१९ मध्ये युरो जिंकून दिली, त्यातलीच काही पोरं घेऊन वर आला आणि १४ जुलैला बर्लिनमध्ये इंग्लंडला २-१ हरवलं. दोन दिवसांनी साउथगेटनं राजीनामा दिला. जानेवारी २०२५ पासून तिथे नवा प्रशिक्षक टुखेल आलाय आणि मेव्हणा परत ९५०० लुमेनच्या भाषेत बोलायला लागलाय. आधीचा प्रशिक्षक कापेल्लोच्या वेळीही असंच होतं. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीकडून ४-१ हरले.

युरो संपल्यावर ऑलिंपिक. कॅनडाच्या महिला संघाच्या माणसानं न्यूझीलंडचा सराव ड्रोननं टिपला, सहा गुण कापले, प्रशिक्षिकेवर वर्षाची बंदी. मामांना ही एकच लबाडी आवडली. हल्ली मत्स्य विभागाचेही ड्रोन किनाऱ्यावर फिरतात, तेव्हा मान वर करून ते "कॅनडा इलो" म्हणतात.

यंत्राची तब्येत: पंखा पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो. उजेड फारसा कमी झालेला नाही. पावसात पाखरं भिंगावर यायची, ऑगस्टमध्ये त्यातलं एक चिलट आत शिरून मेलं आणि चित्रात डावीकडे वर करड्या रंगाचा डाग कायमचा बसला. हमी होती, पण दुरुस्तीवाल्यांनी 'कीटक हमीत येत नाहीत' असं कळवलं आणि कुरिअरचा खर्च आमच्या माथी मारला. किनाऱ्यावर राहत असाल तर पूर्ण बंद भिंगाचंच मॉडेल घ्या, हजार-दोन हजार जास्त गेले तरी. वापर नसेल तेव्हा झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवा. आम्ही सुरुवातीला सुक्या मासळीच्या पेटीशेजारी ठेवायचो, अजून तापला की वास येतो.

पाचपैकी तीन तारे. अंधाऱ्या खोलीत, वीस माणसांत, ऑक्स वायर आणि स्टिक लावून बघणार असाल तर घ्या. दिवसा बघायचं असेल तर नका घेऊ.

२०२६ चा विश्वचषक ११ जूनपासून, होड्या तेव्हाही वरच असतील. नव्या प्रोजेक्टरची वर्गणी काढायची का म्हणून गेल्या रविवारी बैठक झाली. मास्तर हो म्हणाले, मेव्हणा म्हणाला टुखेल जिंकणारच तर स्वच्छ दिसायला हवं. मामांनी डागाकडे बोट दाखवून विचारलं, नव्यात हा नसेल तर हात लागला की नाही यावर आम्ही बोलायचं काय? वर्गणीचे पैसे मात्र सगळ्यात आधी त्यांनीच दिलेत.