ऑनलाइन स्टोअरचे फॉन्ट: एकच फॅमिली, जोडी की सरळ सिस्टम फॉन्ट?

थीम ठरली, रंग ठरले आणि गाडी फॉन्टवर येऊन अडली असेल तर समोर साधारण तीन रस्ते असतात. हेडिंगपासून बटनापर्यंत सगळीकडे एकच फॅमिली, म्हणजे एकाच फॉन्टचा जाड-बारीक संच, समजा इंटर. नाहीतर जोडी, वर प्लेफेअर डिस्प्लेसारखा सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा असलेला) आणि खाली साधा सॅन्स (तशा रेघा नसलेला). नाहीतर काहीच लोड करायचं नाही, ज्याच्या फोनमध्ये जो सिस्टम फॉन्ट आहे तोच दिसू दे. मी तिन्ही वापरलेत, आणि आता बॅनरवर फॉन्ट कसा दिसतो हे मी सगळ्यात शेवटी बघते, आधी किंमत बघते. बॅनर गिऱ्हाईक एकदा बघतं आणि पुढे सरकतं, किंमत मात्र ग्रिडमध्ये, प्रॉडक्ट पेजवर, कार्टमध्ये, चेकआउटला, सगळीकडे परत परत वाचतं.

जोडीपासून सुरू करते कारण सगळ्यांना मोह तिचाच पडतो, मलाही पडला होता. प्लेफेअर डिस्प्ले खरंच देखणा आहे, जाड-बारीक रेषांचा फरक मोठा, मोठ्या हेडिंगला एकदम भारदस्त दिसतो. एका स्टोअरला मी तोच किमतींनाही लावला आणि कार्ट उघडून बघितलं तर 1,479 हा आकडा सरळ उभाच राहीना, 1 बुटका, 4, 7 आणि 9 ओळीच्या खाली लोंबतायत, आणि त्याखाली डिस्काउंटची ओळ, त्याखाली टोटल, सगळं वरखाली. बिघाड काहीच नव्हता, त्या फॉन्टमध्ये मुळातच जुन्या पद्धतीचे आकडे आहेत, परिच्छेदात ते छान मिसळतात पण हिशेबाच्या रकान्यात नाही. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, लायनिंग-नम्स लावलं की आकडे एका उंचीचे होतात, तेवढी सोय फॉन्टमध्ये आहे. पण मी तेव्हापासून सेरिफ फक्त हेडिंगला ठेवते आणि आकडे, साइझ, फिल्टर, बटनं सगळी सॅन्सकडे देते.

जोडी करायचीच असेल तर दोघांत फरक ठळक हवा. रोबोटो आणि ओपन सॅन्स एकत्र लावले तर कोणाला ती जोडी वाटतच नाही, चुकून एका ठिकाणी दुसरा फॉन्ट राहिलाय असं वाटतं, आणि डाउनलोड मात्र दोन फॉन्टचा होतो.

एकच फॅमिली घेण्यात हा सगळा व्याप वाचतो. इंटर स्क्रीनसाठीच बनवलेला आहे, छोट्या साइझलाही स्वच्छ वाचता येतो, आणि त्याच्यात टॅब्युलर आकडे आहेत म्हणजे प्रत्येक आकडा सारख्या रुंदीचा, त्यामुळे कार्टमध्ये क्वांटिटी बदलली की टोटल डावी-उजवीकडे नाचत नाही (हेही सीएसएसमध्ये टॅब्युलर-नम्स लिहून चालू करावं लागतं, आपोआप होत नाही). व्हेरिएबल फाइल घेतली तर 100 ते 900 सगळी वेट्स, म्हणजे अक्षराच्या जाडीच्या पायऱ्या, एकाच फाइलमध्ये मिळतात, पण म्हणून सगळी वापरायची नाहीत, 400 आणि 600 दोनच घ्या आणि बाकीचं काम साइझ आणि मोकळ्या जागेवर सोडा. तोटा एवढाच की इंटर जिथे तिथे दिसतो, त्यामुळे ओळख फोटोंनी आणि रंगांनी करून द्यावी लागते. मॉन्टसेरात किंवा पॉपिन्स घेतलात तर थोडा चेहरा येतो पण दोन्ही अंगाने रुंद आहेत, मोबाइलच्या दोन कॉलमच्या ग्रिडमध्ये प्रॉडक्टचं नाव लांब असेल तर दोन ओळींचं तीन ओळींत जातं आणि शेजारची कार्डं वरखाली होतात.

सिस्टम फॉन्टला लोक कमी लेखतात ते मला पटत नाही. आयफोनवर सॅन फ्रान्सिस्को, विंडोजवर सेगो यूआय, बऱ्याच अँड्रॉइडवर रोबोटो, तिन्ही उत्तम आहेत आणि डाउनलोड शून्य. हजारो वस्तूंचा कॅटलॉग असेल, लोक पार्ट नंबर टाकून शोधत असतील, तर मी डोळे झाकून हेच घेईन. गूगल फॉन्ट्सवरचा फॉन्ट दुसऱ्या साइटमुळे आधीच कॅशमध्ये (ब्राउझरच्या साठवणीत) आलेला असतो हा जुना समज आता सोडा, 2020 पासून क्रोमही प्रत्येक साइटची कॅश वेगळी ठेवतो. म्हणून वेबफॉन्ट घेतलाच तर वॉफ-टू फाइल (वेबसाठीचा फॉन्टचा छोटा फाइल प्रकार) स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा.

स्टोअरमध्ये मराठी मजकूर असेल तर मात्र गणित बदलतं. प्लेफेअर आणि इंटर दोघांतही देवनागरी नाही, ब्राउझर कुठलातरी दुसरा फॉन्ट उचलतो आणि इंग्रजी नावाशेजारी मराठी अक्षरं बारकी किंवा जाडी दिसतात. अशा वेळी मुक्त किंवा पॉपिन्स घ्यावा, दोन्ही लिप्या एकाच घरातल्या मिळतात. आणि इंग्रजी हेडिंगला दिलेलं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) मराठीला अजिबात लावू नका, शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे लटकलेले दिसतात. लाइन-हाइटही (ओळीची उंची) थोडी जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतात.

मग घ्यायचं काय? मोजक्या वस्तू असतील आणि प्रत्येकीमागे सांगण्यासारखी गोष्ट असेल, तर जोडी, पण सेरिफ हेडिंगपुरताच. मधल्या आकाराच्या बहुतेक स्टोअरना एकच फॅमिली पुरते, मला कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगते. मोठा कॅटलॉग असेल तर सिस्टम फॉन्ट.

ठरवण्याआधी एक डमी प्रॉडक्ट बनवा, तुमच्याकडचं सगळ्यात लांब नाव, काट मारलेली जुनी किंमत, शेजारी नवी, आणि एक कूपन कोड ज्यात शून्य आणि ओ, एक आणि कॅपिटल आय सगळे आहेत. तो कोड फोनवर बघून कागदावर उतरवायला घरातल्या कोणालातरी द्या. पत्ता भरायच्या रकान्यात अक्षर 16 पिक्सेलपेक्षा लहान ठेवलं असेल तर आयफोनवर टॅप केल्याबरोबर पान झूम होतं, तेही त्याच वेळी बघून घ्या.