अग्निशमन पदविका अभ्यासक्रम: शिकवणी उत्तम, कवायत अपुरी

बारावीनंतर अग्निशमन दलात जाण्याच्या इच्छेने मी आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी महाविद्यालयात अग्निशमन व औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे लिहिलेले गुणदोष त्या एकाच संस्थेचे नसून असे अभ्यासक्रम चालविणाऱ्या अनेक ठिकाणी ते कमीअधिक प्रमाणात आढळतील, असे मला इतर विद्यार्थ्यांशी बोलल्यावर वाटते.

प्रथम अध्यापनाविषयी, कारण या अभ्यासक्रमाची खरी जमेची बाजू तीच आहे. इंधन, उष्णता, प्राणवायू आणि अखंड चालणारी रासायनिक साखळी या चार घटकांपासून सुरुवात होते आणि प्रत्येक अग्निशामक माध्यम यांपैकी नेमके काय तोडते, हे एकामागून एक उलगडत जाते. उकळत्या बिंदूला पोहोचलेल्या एक किलो पाण्याची वाफ होताना ते सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता शोषून घेते आणि त्या वाफेचे आकारमान पाण्याच्या जवळजवळ 1,700 पट होते. हा एकच धडा नीट समजला, की लाकडाच्या वखारीतील आगीवर पाणी का मारायचे आणि पेटलेल्या तेलाच्या कढईत ते का टाकायचे नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पाठांतराविना मिळतात. एलपीजी हवेहून जड असल्यामुळे गळती झाल्यावर तो जमिनीलगत साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन ते दहा टक्के असताना पेट घेतो, हेही नुसत्या आकड्यांच्या रूपात सांगितले गेले नाही. अशा खोलीत शिरणाऱ्याने विजेचे बटण चालू किंवा बंद का करू नये आणि दारे-खिडक्या कोणत्या क्रमाने उघडाव्यात, येथपर्यंत चर्चा नेली गेली.

जलगतिकी आणि श्वसनयंत्र हे विषय शिकवणारे शिक्षक महापालिकेच्या दलातून तांडेल (प्रमुख अग्निशामक) म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांचे तास माझ्या मते संपूर्ण शुल्काच्या मोलाचे होते. पंपापाशी किती दाब ठेवला म्हणजे सातव्या मजल्यावरच्या नोझलला पुरेसा दाब मिळेल, हे गणित ते फळ्यावर मांडत. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब खर्च होतो. 63 मिलिमीटरच्या होजमधून (पाण्याच्या लवचीक नळीतून) प्रवाह दुप्पट केला की घर्षणाने होणारी घट चौपट होते. आणि विहिरीतून पाणी ओढताना पुस्तकात दहा मीटरच्या पुढे जाणारी मर्यादा प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपासच थांबते. बीए सेटचा, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर असलेल्या श्वसनयंत्राचा, हिशेबही त्यांनी असाच करून घेतला. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने 1,800 लिटर हवा मावते आणि मिनिटाला 40 लिटर धरल्यास ती 45 मिनिटे पुरते, हे कोणत्याही माहितीपत्रकात सापडते. मात्र 50 बार हवा राखीव ठेवायची, म्हणजे 300 लिटर वजा झाली. जिना चढताना, जखमीला ओढताना मिनिटाला 60 लिटरही लागतात. मग हातात उरतात अवघी 25 मिनिटे, आणि त्यातच आत जाणे, काम करणे व बाहेर येणे बसवायचे असते. मिनिटांचा हिशेब आत गेल्यावर नव्हे, वर्दी मिळाल्यावर गाडीतच सुरू होतो, असे ते सांगत.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजावर झालेल्या स्फोटांचा अभ्यासही त्यांनीच करून घेतला. त्या दुर्घटनेत मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले आणि त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळला जातो. एवढे सांगून न थांबता, एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र असणे किती घातक ठरले आणि दबलेल्या गाठींच्या आत धुमसणाऱ्या आगीपर्यंत पाणी का पोहोचत नाही, यावर त्यांनी आमच्याकडून सविस्तर टिपण लिहून घेतले.

प्रात्यक्षिकांच्या बाबतीत मात्र निराशा झाली. कवायतीचे मैदान म्हणजे इमारतीमागचा वाहनतळ. 10.5 मीटरची एक्स्टेन्शन शिडी संस्थेकडे आहे, परंतु ती बाहेर निघाली ती मुख्यतः माहितीपत्रकासाठी छायाचित्रे काढायची होती तेव्हा. बीए सेट दोन आहेत. हवा भरण्याचा कॉम्प्रेसर नसल्यामुळे बहुतेक वेळा रिकामे सिलिंडर पाठीवर बांधून सराव करावा लागला. पंप चालू करून, होज जोडून, दाबाखालची ब्रँच (होजच्या टोकाची, नोझल असलेली नळी) हातात धरण्याची संधी मोजक्या वेळा मिळाली. ज्या पेशात नोझलचा उलटा धक्का अंगाला ठाऊक असावा लागतो, तेथे ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. गणवेश आणि बुटांचे पैसे वेगळे घेतले गेले, याची मला त्यामानाने फारशी तक्रार नाही.

अधिक गंभीर मुद्दा नोकरीचा आहे. प्रवेशाच्या वेळी 'दलात भरतीची संधी' असे मोघम सांगितले जाते, पण कोणत्या भरतीत ही पदविका ग्राह्य धरली जाते, हे कोणी स्पष्ट करीत नाही. राज्यातील अनेक महापालिका व नगरपालिका अग्निशामक विमोचक पदासाठी राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम मागतात. त्याऐवजी खासगी पदविका चालेलच, असे गृहीत धरता येत नाही. मुंबईत 2023 मध्ये 910 अग्निशामकांची भरती झाली, तेव्हा बारावी उत्तीर्ण उमेदवारांकडून पदविका नव्हे, तर उंची, धाव आणि शारीरिक क्षमता मागितली गेली. अधिकारी होण्याचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची चौकशी आधी करावी. 1956 मध्ये रामपूर येथे सुरू होऊन पुढच्याच वर्षी नागपूरला आलेल्या या संस्थेत अग्नि अभियांत्रिकीची पदवी आणि दलांतील अधिकाऱ्यांचे अभ्यासक्रम, दोन्ही आहेत.

तरीही पदविका निरुपयोगी आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतींमधील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे (एजन्सीचे) प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्यामुळे हायड्रंट, स्प्रिंक्लर, धूरशोधक यांची तपासणी जाणणाऱ्या माणसांना अशा अभिकरणांत आणि कारखान्यांत काम मिळते. आमच्या वर्गातील बहुतेकांची वाट तीच झाली, आणि ती कमी प्रतीची आहे असे मी मानत नाही.

अध्यापनाला मी पाचपैकी साडेचार, प्रात्यक्षिकांना दोन आणि नोकरीविषयक मार्गदर्शनाला एक गुण देईन. प्रवेश घेण्यापूर्वी कवायत चालू असतानाच्या वेळी महाविद्यालयात जावे, पंप सुरू करून दाखवायला सांगावे, सिलिंडर कोठे भरले जातात ते विचारावे, आणि ज्या महापालिकेत नोकरी हवी आहे तिची मागील भरतीची जाहिरात समोर ठेवून या पदविकेचे नाव तिच्यात कोठे बसते, याचे उत्तर लेखी मागावे.